शेवटचं कडवं त्या गावाचं

आबा, परवा चांदवडच्या पुढच्या त्या गावातून, आत्याच्या गावातून, माणूस आला होता. यंदा जत्रेत तुमचं महाराष्ट्राचं गाणं मी म्हणावं, म्हणतो. मी हो म्हणून बसलो. तुम्ही गेल्यावर मी ट्रकवर क्लीनर झालो, इंदूरला ढाब्यावर राबलो, तिथल्या मालकाकडं एक पोपट होता, तो शिव्या अशा द्यायचा... ते जाऊ दे. कुठंही गेलो तरी तुमचं गाणं म्हणायचो. ढाब्यावर शब्द कुणाला कळत नव्हते, म्हणून बिनघोर म्हणता यायचं.

कारखान्यातून आलात की तुम्ही गाणी बांधायचात. या गाण्यात डोंगर, नद्या, कांदा, द्राक्षं सगळं होतं, पण शेवटचं कडवं ज्या गावात गायचं त्या गावाचं. लोक त्याचीच वाट बघायचे. आत्याच्या गावच्या जत्रेतल्या त्या दुपारी ढोलकीवर मी आहे. कुस्त्या संपल्यात, माणसं पाराभोवती दाटलीत. आत्या आणि तिच्या वस्तीतली आपली माणसं लांब, चिंचेखाली. तुम्ही डोळे मिटता आणि उचलता,

‘गोड तुझ्या आडाचं पाणी, गाती पिणारे;
आम्ही लांब उभे, पोहऱ्याचं वाजणं ऐकणारे.’

आधी टाळ्या पडल्या. मग एकेक हात थांबत गेला. पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं तुम्हाला नारळ दिला. "गळा लय ग्वाड हाय तुमचा. बहीण इथंच दिलीय ना? तीच का, चिंचेखालची?" अगदी मायेनं विचारलं. तुम्ही हो म्हणालात. हायवेपर्यंत चालताना आपल्यामागं एक ट्रॅक्टर येत होता. रस्ता मोकळा होता, तरी पुढं जात नव्हता. "मागं बघू नको," एवढंच तुम्ही बोललात.

अंगाला कुणी हात लावला नाही. थोड्याच दिवसांनी आत्या एसटीनं आपल्याकडं आली, डोक्यावर बाजरीची गोणी घेऊन. तिच्या गावच्या गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण बंद केलं होतं. दुकानदार मीठसुद्धा देत नव्हता.

"दादा, गाणं खरं व्हतं," ती उंबऱ्यातच बसून म्हणाली. "पर तू गाऊन एष्टीत बसला. मला तिथंच ऱ्हायचंय. आधी इचारायचं तरी मला."

 आपल्या इंदिरानगरला तेव्हा नुकती घरं उठत होती, गिरणी लांब होती. तुम्ही गोणी खांद्यावर घेऊन निघालात, बायकांच्या रांगेत उभे राहिलात. परत आलात तेव्हा भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. मला हसू आलं, पण आई बघत होती. त्यानंतर तुम्ही ते गाणं कधी म्हटलं नाही. छातीच्या दुखण्यानं गेलात, असं आई सांगते. असेल.

आता तिथं वस्तीला दळण मिळतं. नळही आलाय, वस्तीचा वेगळा. परवाचा तो माणूस आपल्याच ओट्यावर बशीतून चहा पीत म्हणाला, "तुमच्या आत्या बऱ्या हायेत. सून पोटुशी हाय त्यांची. या तुम्ही, गर्दी लय होईल. फकस्त शेवटचं कडवं ग्वाड म्हणा, काय?" बशी खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडं बघून हसत राहिला.

हे टपालात टाकायचं नाहीच. पण सांगतो, कडवं बांधून झालंय, आणि ते गोड नाही. आईला ट्रकवर चाललोय म्हणून सांगितलंय. आत्याला अजून विचारलेलं नाही.