पाइनखालची वाळू

१३ जून
नेजमीला, माझ्या नवऱ्याला, जाऊन आज चाळिसावा दिवस. मयताच्या नावानं लोकमे, पाकातले गोड गोळे, तळून वाटणारी गाडी आली. मी सांगितलीच नव्हती! इथे हॉटेल बांधू पाहणाऱ्या कंपनीनं पाठवलेली. आणि उभी कुठे केली? पाइनच्या झाडांपुढे, थेट वाळूवर, कासविणी अंडी घालतात तिथे. गाडीवर त्याचा फोटो. खाली ‘आमचे लाडके कासवकाका’. ही झाडं तोडू देत नाही म्हणून यांनीच त्याला पाच वर्षं वेडा ठरवलं होतं. सगळं गाव बोटांवरचा पाक चाटत उभं.

कंपनीचा तुनजाय डोळे पुसत जवळ आला. “ताई, आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल, हलाल करा.” मयताच्या घरी हे कुणी म्हटलं की उत्तर एकच असतं. लहानपणापासून तोंडात बसलेलं. “हलाल असो,” मी म्हणाले. म्हणजे सोडून दिलं, मनात काही नाही. त्याचा माणूस मोबाइल धरून उभा होता, हे नंतर लक्षात आलं.

१५ जून
झाडतोडीविरुद्धचा अर्ज घेऊन चहाच्या दुकानात गेले. सरपंच रेफिकनं मोबाइल पुढे धरला. माझाच आवाज!
“वहिनी, तुम्हीच हलाल केलंत. आम्ही कशाला वाईटपणा घ्यायचा?”
“मी झाडं नाही दिली, रेफिक.”
कोपऱ्यातून फिक्रेत — “कासवांना विचारा ना, त्यांनी केलं का हलाल!”
सगळे हसले. याच फिक्रेतनं नेजमीला खांदा दिला होता. शी!
एकही सही नाही.

१६ जून
नेजमीचे बूट अजून दाराबाहेरच. मयताचे बूट असे बाहेर ठेवले की कुणीतरी गरजू नेतो. हे कुणी नेत नाही. मला बरं वाटतं.

१८ जून
परवा अंताल्याहून कासवांची घरटी मोजणारे सरकारी साहेब येणार. एक जरी घरटं दिसलं तरी तोड थांबते. काल अकरा होती.

आज सकाळी वाळू सपाट. ट्रॅक्टरनं दातेरी फळी ओढलेली. “किनारा साफ केला, ताई. पाहुणे येणार ना!” — तुनजाय. घरट्यांवर मी ठोकलेल्या अकरा जाळ्या झाडाखाली नीट रचून ठेवलेल्या. प्रत्येक जागा उकरून पाहिली. अंडी नाहीत. टायरला बलक सुकलेला, त्यावर माशा.

पोलीस फोनवर म्हणाले, “कोल्ह्यांनी उकरलं असेल, बाई.” आणि जाळ्याही कोल्ह्यांनीच रचल्या!

साक्षीला कुणी येत नाही. त्या पाकाची चव अजून यांच्या तोंडात आहे. थुंकावंसं वाटतं.

२० जून
उजाडता उजाडता पाण्याच्या कडेला पोटावर पडले आणि झाडांपर्यंत सरपटत गेले. एकाआड एक कोपर. या जातीची कासवीण तशीच चालते, नेजमीनं दाखवलं होतं. झाडाखाली खड्डा केला, बुजवला, तशीच परत पाण्यात. साठीला दोन वर्षं कमी आहेत मला.

नऊला साहेब आले. ओणवे होऊन वाटेची रुंदी मोजली. घरटं उकरायला बंदीच आहे. “ताजी वाट. एक घरटं,” म्हणाले आणि लिहिलं. तुनजायचा चेहरा पडला.

“तुम्ही पाहिलीत तिला?” साहेबांनी विचारलं.

“पाहिली,” मी म्हणाले. “बरीच म्हातारी होती.”