दहावा माणूस

बँकॉक

प्रिय पप्पा, शालोम.

आम्ही मजेत आहोत. खोली स्वस्त आहे, आठ खाटांची, पण स्वच्छ. प्रणित आणि कल्पेश दुपारभर घोरतात. तुम्ही वेळेवर जेवता ना?

तिकीट काढताना मी मम्मीच्या पुण्यतिथीची इंग्रजी तारीख पाहिली. हिब्रू तारीख यंदा आधी, सहलीतच येते, हे लक्षातच आलं नाही. “जा रे, कद्दिशच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमतील,” तुम्ही म्हणालात. पनवेलला आता जमतात का हो?

काल तीच संध्याकाळ होती. मी इथलं सिनेगॉग शोधलं. दारातच एक म्हातारा म्हणाला, “ये, एक कमी आहे.”

मम्मीसाठी कद्दिश म्हटली. तिला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं.

फोनवर तुम्ही “सगळं ठीक” एवढंच म्हणता. पप्पा, तिकडे दहावा कोण आला?

तुमचा इलान