गरम दुधाची डिग्री

३ ऑक्टो.
डेअरीवर आज भांडण. शेजारच्या यशोदामावशींचं दूध लॅक्टोमीटरवर पुन्हा २५ डिग्री. २६ च्या खाली घ्यायचं नाही, नियम आहे. दूध पातळ असलं की काडी खोल जाते, त्यात माझं काय? सलग तिसरा दिवस, डोकं फिरलं. रांगेत दहा बाया. म्हटलं, "मावशी, पाणी घालायचं तर निदान शेजाऱ्याच्या डेअरीत तरी नका घालू." सगळ्या हसल्या. मावशी तेवढ्या नाही. "पोरी, मी पानी नही टाकं." किटली उचलून गेल्या. भिंतीला भिंत घर, चार पावलं.

११ ऑक्टो.
मावशी अजून येत नाहीत. दुधाचं तूप करतात, वास आमच्या ओट्यापर्यंत येतो. माझी मनीषा विचारते, आजी मला हाक का मारत नाही? नववीत गेली तरी भोळीच. म्हटलं, काडी खोटं बोलत नाही, चोराच्या उलट्या बोंबा.

२४ ऑक्टो.
दिवाळी झाली. मावशींकडे फराळाचं ताट पाठवलं होतं. तसंच झाकलेलं परत आलं. वाईट वाटलं.

२९ ऑक्टो.
एरवी घरचं दूध सगळ्यांत शेवटी मोजते, लोकांनी बोट दाखवायला नको. आज दुधाची गाडी लवकर येणार म्हणून आधी उरकलं. धार काढली ती थेट मापात. २५.
परत बघितलं. २५. एक थेंब पाणी नाही, माझ्या हातची धार.
तासाभराने तेच दूध, २८. खुर्चीवर बसूनच राहिले.

३० ऑक्टो.
मनीषाने तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातून सांगितलं. गरम झालं की पसरतं, वस्तुमान तेवढंच, आकारमान जास्त, म्हणून घनता कमी. "सोपं आहे गं आई."
मावशींचं घर सगळ्यांत जवळ, म्हणून दूध सगळ्यांत गरम, वर फेस. लांबच्यांचं वाटेतच निवतं. ट्रेनिंगला सांगितलं होतं, आधी निवू द्या. पावसाळ्यानंतर दूध वाढलं, घाईत मीच सोडलं ते. एक महिना त्या बाईला चोर म्हणत होते.

१ नोव्हें.
गेले. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं, पाया पडले. सूप खाली ठेवलं नाही त्यांनी. "चारचौघीम्होरे बोलनी, तशी चारचौघीम्होरे सांग."

२ नोव्हें.
रांगेसमोर सांगितलं. माप गरम दुधाचं घेतलं, चूक माझी, मावशींच्या दुधात पाणी नव्हतं. कुणी हसलं नाही. मावशी त्यांच्या दारात उभ्या होत्या, मग आत गेल्या.

३ नोव्हें.
आल्या. किटली ठेवली नि बाकड्यावर बसल्या. दूध निवेपर्यंत अर्धा तास. २८. म्हटलं, बघा मावशी. काडीकडे बघितलंच नाही, रांगेकडे बघत होत्या.
"त्या दिन दहा जनी व्हत्यात. काल सात."
बरोबर. तिघी दिवाळी आटोपून ऊसतोडीला गेल्या, सुरतकडे. घरची म्हातारी माणसं दूध आणतात आता.
"त्या तीन जनीस्ले कोन सांगी?"
होळीशिवाय परत येत नाहीत त्या. एकीचा नंबर मिळाला. लावला, लागला नाही. उद्या परत लावते.