बाहेरची कडी आणि कराटेचं गोदाम

माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे. हे आधी लिहिते. सिदू हमालानं अर्जनवीसाकडून मृत्युपत्राचा नमुना आणून दिला, त्यात पहिल्याच ओळीत छापलंय की लिहून देणार कुणाच्याही दडपणाखाली नाही. ती ओळ मी उतरवणार नाही. मी दडपणाखाली आहे, दसरा झाल्यापासून आहे. हा कागद मात्र माझ्या मनचा आहे.

आता रीतीचं. मी, शिवगंगा विरुपाक्ष कलशेट्टी, वय शहात्तर, शिक्षण तिसरी, धंदा घरकाम, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही, तो का नाही ते खाली येईल. दाखल्याऐवजी हे धरावं: कराटेच्या पहिल्या कात्यात, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या ओळीत, एकवीस हालचाली असतात. त्या मी रोज सकाळी खिडकीपाशी क्रमानं करते. ज्याला शंका असेल त्यानं यावं आणि चुकलेली दाखवावी.

कलम पहिलं, घर. घर माझ्या सासऱ्याचं. त्यात माझा काय हिस्सा निघेल तो मी मागत नाही आणि कुणाला देतही नाही. ज्याला दारं लावायची हौस आहे त्यानं ते सांभाळावं.

कलम दुसरं, गोदाम. घरामागच्या बोळाच्या पलीकडचं पत्र्याचं गोदाम माझं एकटीचं आहे. नवऱ्यानं ते माझ्या नावावर केलं ते मायेनं नाही. भावांच्या वाटणीत जाऊ नये म्हणून केलं. कशासाठी का असेना, नगरपरिषदेच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं. अडतीचा माल बाजार समितीच्या आवारात गेल्यावर ते रिकामं पडलं, उंदीर सोडले तर कुणी फिरकत नव्हतं. मग कळंबकडचे योगीराज सर कराटेच्या क्लासला जागा मागायला आले. मी म्हटलं, आमच्या नातीला शिकवाल तर घ्या. नात म्हणजे शिवांजली, माझा मुलगा शिवकुमार याची मुलगी. आज सोळा वर्षांची आहे. पांढरा, पिवळा, हिरवा करत ती तपकिरी पट्ट्यापर्यंत गेली. काळ्या पट्ट्याची परीक्षा राहिली आहे.

मी सात वर्षं खिडकीतून क्लास बघितला. शेवटी चिडायला लागले. पोरी चुकायच्या आणि ते मला दिसायचं, म्हणून इथूनच ओरडायची. सर एकदा खिडकीशी आले आणि म्हणाले, "अज्जी, चुका दिसतात तर आत या." गेल्या गुढीपाडव्यानंतर मी गेले. साडीवरून पांढरा सदरा, त्यावर पांढरा पट्टा. पांढऱ्या पट्ट्याची जागा शेवटच्या रांगेत. घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून उभं राहायचं, त्यात माझा गुडघा आत यायचा. शिवांजली पुढून यायची आणि सांगायची, "अज्जी, गुडघा बाहेर." यावर 'ओस' म्हणावं लागतं, म्हणजे हो म्हणावं लागतं, आणि वर वाकावंही लागतं. जिला मी न्हाऊ घातलं तिच्यापुढं मी वाकले. त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. वाटला तो शिवकुमारला.

एक चूक माझी आहे, ती कबूल करते. गोदामात भिंतीवर एका जपानी म्हाताऱ्याचा फोटो आहे, क्लास सुरू होताना सगळे त्याला वाकतात. ज्याच्यापुढं रोज वाकायचं त्याचं कपाळ उघडं कसं, असं मला वाटलं. श्रावणातल्या सोमवारी मी स्टुलावर चढून काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. सर आले, बघितलं, म्हणाले, "आमच्या गुरूंचे गुरू आहेत ते, अज्जी." आणि क्लास सुरू केला. पुसलं नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हे गोदाम या माणसाच्या क्लासचंच. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कपाळाला हात लावू नये हे खरं. पण आता ती तीन बोटं कुणी पुसू नयेत.

दसऱ्यानंतर आठवड्यानं शिवकुमार स्टॅम्पपेपर आणि शाईचं पॅड घेऊन आला. गोदाम पाडून तिथं दुकानगाळे काढायचे होते. कागदावर काय लिहिलंय ते वाचू दे म्हटलं तर म्हणाला, "अव्वा, तुला काय कळणाराय त्यातलं? अंगठा दे." मी सही करते, अंगठा देत नाही, हे त्याला जन्मापासून माहीत आहे. त्यानं माझं मनगट धरलं. सरांनी शिकवलंय, मनगट धरलं तर मागं ओढायचं नाही, धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं वळवायचं, मुठीला फट तिथंच असते. मी वळवलं. तो स्वतःच्याच ओढीनं मागं गेला, पाठ दाराच्या चौकटीला आपटली आणि पॅड त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडलं. एवढंच झालं. मी त्याला मारलं नाही. मारायचं असतं तर तेही सरांनी शिकवलेलं होतं.

त्या संध्याकाळपासून गावात झालं की कलशेट्टीची म्हातारी भ्रमिष्ट झाली, जपान्याला विभूती लावते, पोटच्या पोरावर हात टाकते. दुसऱ्या सकाळी कडी आली. शिवांजलीचा क्लास बंद झाला. कडी का, असं विचारलं तर शिवकुमार म्हणतो, वर्षाराणीला विचार. वर्षाराणी, म्हणजे सूनबाई, म्हणते, ह्यांना विचारा. दोघांचं मला विचारलंत तर मी सांगीन, पण मला कुणी विचारत नाही.

माझं डोकं तपासायला डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं, दाराला बाहेरून कडी कशाला? शिवकुमारनं पोरीला पुढं केलं आणि म्हणाला, "सांग डॉक्टरसाहेबांना. अज्जी मारती ना?" क्लास परत सुरू करून देतो असं तिला आधीच सांगून ठेवलेलं, हे मला मागून कळलं. ती पायाकडं बघत "हो" म्हणाली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हणून दाखला नाही. क्लास अजून बंदच आहे.

तर ऐका. त्या पोरीचं ते "हो" मी धरत नाही. बापानं तिच्या तोंडून काढलं. मी गेल्यावर गोदाम शिवांजलीचं. ती अठरा वर्षांची होईपर्यंत शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका बिराजदार बाईंनी बघावं, शिवकुमारनं नाही. जोवर योगीराज सर किंवा त्यांचा शिष्य शिकवायला तयार आहे तोवर तिथं क्लासच चालेल. कुठल्याही वयाची बाई आली तर तिला रांगेत उभं करावं. जो हसेल त्यानं पन्नास बैठका काढाव्यात. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला पोरीला कुणी अडवू नये. माझ्या अंगठ्याचा कुठलाही कागद पुढं आला तर तो खोटा समजावा.

कलम तिसरं, किरकोळ. सोन्याच्या पाटल्या शिवांजलीला, पण क्लासमध्ये घालू नये. पोळपाट वर्षाराणीला. तिची चपाती माझ्यापेक्षा चांगली होते, हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. माझी काठी शिवकुमारला, लागेल त्याला पुढं. कडी आणि कोयंडा दारातून उपसून काढावा, तोही त्यालाच द्यावा.

मला आपल्या रीतीप्रमाणं बसवून पुरावं, इष्टलिंग हातात. पांढरा पट्टा सोबत ठेवू नये. तो गोदामातल्या खुंटीला अडकवावा. पुढं एखादी म्हातारी आली तर तिला लागेल. पट्टा धुवायचा नसतो, तिला सांगावं.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं. साक्षीदार खिडकीबाहेर बोळात उभे होते. त्यांनी मला सही करताना गजांतून पाहिलं, मग कागद बाहेर घेऊन माझ्यासमोर त्यांनी सह्या केल्या. योगीराज सरांना साक्षीला घेतलं नाही, कारण त्यांच्या क्लासची सोय यात आहे. कागद बिराजदार बाईंच्या कपाटात राहील.

सही: शिवगंगा विरुपाक्ष कलशेट्टी

साक्षीदार:
१. शिवप्रिया महालिंग बिराजदार, निवृत्त मुख्याध्यापिका, मुरुम (सही)
२. सिदू धोंडिबा घोडके, हमाल, मुरुम (सही)

ठिकाण: मुरुम, खिडकीच्या आतून
तारीख: १९ जानेवारी २०२५

खालचं साक्षीदारांसमोरच लिहिलं, त्याखाली तिघांची परत सही आहे.

माझ्या तिसऱ्या दिवशी बिराजदार बाईंनी हा कागद गोदामात सगळ्यांसमोर वाचावा. शिवकुमार त्यांच्याच शाळेत शिकलाय, तेव्हा त्यांनी त्याला नावानं उभं करावं आणि विचारावं, आईच्या दाराला बाहेरून कडी कुणी लावली? वर्षाराणीनं बोलायचं नाही. डॉक्टरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही. शिवांजलीकडं तर कुणी बघायचंसुद्धा नाही. उत्तर शिवकुमारनं द्यायचं, स्वतःच्या तोंडानं, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असं.