लेथ विकायचंय, लेक नव्हे

अंबरनाथ (पश्चिम),
शुक्रवार, दुपार

ती. पद्मामावशीस,

हर्षदाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, तुझी तुळस आणि शेजाऱ्यांशी पाण्याच्या टाकीवरून चाललेलं तुझं भांडण, तिन्ही जोरात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची पद्धत असते, पण ते वाक्य आत्ताच टाकवत नाही. शेवटी कुठे बसलं तर बघू.

पुढच्याच स्टेशनात राहणाऱ्या मावशीला पत्र लिहिणारी मी हल्लीच्या काळात बहुधा एकटीच असेन. पण फोनवर काय झालं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, आईचं लेथ विकायचंय. तू ऐकलंस, आईची लेक विकायचीय. त्यावर तू मला आणि बाबांना जे बोललीस ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र टेम्पोवाल्याच्या हातून येणार आहे. (बाबांचं म्हणणं, लेक विकायला काढली तरी तिची बडबड ऐकून गिऱ्हाईक जिन्यावरूनच परत जाईल. आई गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिला विनोद, म्हणून मी चालवून घेतला.) तेव्हा जे झालं ते कागदावर, मोठ्या अक्षरात.

आमची बिल्डिंग पाडून नवी बांधणार हे तुला माहीतच आहे. महिनाअखेर घर रिकामं करून बाबा आमच्याकडे डोंबिवलीला येणार, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्याबरोबर त्यांच्या गोळ्या येतील, आरामखुर्ची येईल, आईचा फोटो येईल. पण मागच्या बाल्कनीतलं आईचं लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं ते दिवाणाएवढं धूड, आणि भिंतीवरच्या तिच्या पटाश्या कुठे न्यायच्या? आमच्या सोसायटीत मिक्सर जरा जास्त वेळ चालला तरी खालून फोन येतो. शाळेतून रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. आपल्या बाईसाहेबांनी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून जुनं लेथ उचलून आणलं. त्यावर तिने रव्या केल्या, भोवरे केले, पण मुख्य म्हणजे लाटणी केली. नात्यातलं एकही लग्न तिने लाटणं दिल्याशिवाय पार पडू दिलं नाही. (नितीनदादाला तर घटस्फोटानंतरही एक मिळालं.) आणि बाबा? प्रत्येक नवं लाटणं हातात घेऊन उलटंसुलटं करायचे आणि म्हणायचे, बाजारात हे किती सोप्यात मिळतं! आई हसून ते त्यांच्या हातातून काढून घ्यायची. मला ते हसू कधी आवडलं नाही.

असो. मी मोबाइलवर जाहिरात टाकली, ‘सुतारकामाची हत्यारे विकणे आहेत’. जेवून उठते तो जाहिरात गायब! शस्त्रांच्या विक्रीला तिथे परवानगी नाही म्हणे. (तुझी भाची अंबरनाथमधून तलवारी खपवतेय असं त्या कॉम्प्युटरला वाटलं.) मग ‘हत्यारे’ खोडून ‘अवजारे’ केलं. लगेच वांगणीकडच्या एका पाड्यावरून वेणूबाई म्हणून कुणाचा तरी फोन, “ताय, नांगर हाय का? नायतर इळं तरी?” नांगर नाही म्हटल्यावर त्या इतक्या हिरमुसल्या की मीच त्यांची माफी मागितली. शेवटी ‘घरातील व्यक्तीचे निधन झाल्याने जुने लेथ मशीन विकणे’ असं सरळ लिहिलं. त्यातही मी एक शब्द गाळला होता, आणि पुढचं सगळं रामायण त्या गाळलेल्या शब्दाने घडवलं.

पहिले आले मांजर्लीचे कमळाकर नावाचे गृहस्थ. दार बाबांनी उघडलं. कमळाकरांनी चपला काढता काढता चेहरा पाडला आणि हळूच विचारलं, “काका कधी गेले?” बाबा म्हणाले, “कुठे?” तिथून पुढे ते दोघे बराच वेळ एकमेकांचं सांत्वन करत होते. लेथ म्हटल्यावर गेलेला माणूस पुरुषच, हे प्रत्येक जण घरूनच ठरवून यायचा. जो येईल तो लाटण्यांवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, काकांचा हात काय सफाईदार होता! बाबांना एवढी वाहवा नोकरीत कधी मिळाली नाही, आणि मिळाली ती वारल्याबद्दल. पहिल्या दोघांनी असं म्हटलं तेव्हा ते नुसते चिडले. तिसऱ्या गिऱ्हाइकाला मात्र दारातच थांबवून म्हणाले, “गेली ती माझी बायको. मशीन तिचं. मला घरातला बल्ब बदलता येत नाही. आता या आत.” आणि आत आल्यावर स्वतःच एक लाटणं त्याच्यापुढे धरलं, बघा, कुठे उंचवटा लागतो का, बाभळीचं आहे, बाभूळ कातायला मनगट लागतं. मावशी, हे मी दाराआडून ऐकलं आणि मला रडू आलं. रागही आला. परक्या माणसाला दारात उभं करून जे सांगितलं, ते तिला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर बाबा गिऱ्हाइकांना नापास करायला लागले. उल्हासनगरचा फर्निचरवाला कमलेश आला, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “काका, मोटर एकदम कडक है. मोटर मैं लेता, बाकी भंगारात टाका ना, साईं.” बाबांनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि वाटेला लावलं. दुसरा एक जण टेबलाचे पाय करणार होता, त्याला तर चहासुद्धा दिला नाही. माझी झोप उडाली, कारण महिना संपत आला होता आणि बिल्डरचा माणूस रोज खाली येऊन घड्याळ बघत उभा राहायचा.

मग आला राजरत्न. लाकडी खेळणी करतो, बोलायला नम्र, मशीनला हात लावण्याआधी त्याने विचारलं. बाबांनाही पसंत पडलेला दिसला. तो म्हणाला, एकदा चालू करून दाखवा. आता तुला माहीत नसेल, त्या बाल्कनीत विजेचा पॉइंट नाही. आईने वायर स्वयंपाकघरातून ओढून घेतली होती आणि स्विच आहे गॅसच्या ओट्यापाशी. तिचे दोन्ही हात कामात, म्हणून ती बाल्कनीतून ओरडायची, “अहो, लावा!” आणि ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेले बाबा मान वर न करता स्विच दाबायचे. थोड्या वेळाने, “अहो, बंद!” इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी येऊन स्विच हलवणार होता. तो आलाच नाही, आणि पुढे त्याला कुणी बोलावलंही नाही.

तर राजरत्न मशीनपाशी उभा, मी मधल्या दारात, आणि बाबा आत जाऊन स्विचवर बोट ठेवून उभे. मशीन काही सुरू होईना. मी म्हटलं, बाबा, लावा ना. ते हलले नाहीत. वीज गेली का बघितलं, पंखा फिरत होता. मग माझ्या लक्षात आलं की ते हाकेची वाट बघतायत, आणि हाकेतला पहिला शब्द कमी पडतोय. आता मी माझ्या वडिलांना ‘अहो’ कशी म्हणू? शेवटी तो बिचारा राजरत्नच कंटाळून ओरडला, “अहो काका, लावा की!” आणि मशीन सुरू झालं. वर्षभर साचलेला भुसा बाल्कनीभर उडाला. बाबा दारात येऊन बघत राहिले, बंद करायचं विसरूनच गेले.

राजरत्न समजूतदार निघाला. स्वतःच म्हणाला, काका, हे तुम्ही विकू नका. जाताना पटाशी कशी धरायची ते दाखवायला गेला, तर बाबांनी ती आधीच बरोबर धरली होती, डावा हात पुढे, कोपर अंगाशी, अगदी आईसारखी. मी विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाले, रोज दिसायचं. मावशी, म्हणजे इतकी वर्षं बाबा तो पेपर वाचतच नव्हते!

तर लेथच्या विक्रीची हकिकत अशी आहे. बाकी सर्व खुशाल. (बसलं बघ वाक्य.)

तुझी न विकली गेलेली,
हर्षदा

ता. क. सोबतचं लाटणं बाबांचं, पहिलंच. एकीकडे जाड, एकीकडे बारीक आहे, त्यामुळे पोळी आपोआप डावीकडे वळते. तक्रार करू नकोस. आणि बाजारात किती सोप्यात मिळतं असं तर मुळीच म्हणू नकोस, ते वाक्य आम्ही घरातून काढून टाकलंय.

ता. क. २ लेथ रविवारी तुझ्या कुळगावच्या पडवीत येतंय. आधी पत्र लिहून परवानगी मागणार होते, पण त्याआधीच फर्निचरवाल्या कमलेशचा टेम्पो ठरून गेला; त्याचा टेम्पोवाला उद्या जागा बघायला येईल, तोच हे पत्र आणेल. मशीनच्या आवाजाचा त्रास होणार नाही अशी आपल्या नात्यात तूच एक आहेस. बाबा दर रविवारी येतील. स्विच मशीनजवळ घ्यायला ते साफ नाही म्हणाले, तेव्हा तो तुझ्या स्वयंपाकघरात बसेल.

ता. क. ३ खरं मागणं हे आहे. साड्यांच्या कपाटात डबीत घालून ठेवलेलं तुझं ते कानाचं मशीन रविवारपुरतं कानात घाल. आता बाबा लेथपाशी असतील आणि स्विचपाशी तू. त्यांचं “लाव” ऐकू आलं नाही तर फार तर एक लाटणं अडेल, पण “बंद कर” ऐकू यायलाच हवं. आणखी एक. गेला आठवडाभर स्विचपाशी मी होते, म्हणून सांगते, हाक मारताना ते आधी “अगं” म्हणतात. तू त्यांच्याहून मोठी, एरवी ते तुला अहो पद्माताई म्हणतात, पण रागावू नकोस. ते “अगं” तुला नसेल. ओ मात्र तू दे.