कंसातलं शून्य

छत्रपती संभाजीनगर,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपा,

जय भीम. आईच्या गुडघ्याचं कसं आहे? सोयगावात थंडी पडली असेल. इथं सगळं ठीक. फोन करणार होते, तीनदा तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून तुला काढलं, तेव्हा जाताना तू एवढंच विचारलंस, "प्रेरणा, तक्रारपेटीत ती चिठ्ठी कोणी टाकली असेल गं?" मी लगेच भामाबाईचं नाव घेतलं. झाडायच्या निमित्तानं काउंटरभोवती घुटमळते, सगळ्यांचं ऐकते, वगैरे. माझा स्वभाव तुला माहीतच आहे, दूधवाल्याच्या मापावर पण माझा डोळा असतो. पण भामाबाईला सहीपुरतंसुद्धा लिहिता येत नाय. हे तुलाही माहीत होतं, तरी तू गप्प बसलीस. तेव्हाच माझ्यावर संशय आला होता का तुला?

असो. आधी कालचं सांगते.

तुझ्या जागी आता मोनिका बसते. काल शुक्रवार, म्हणजे दहा ते अकरा लाईट नाय. काउंटरचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू, नेट बंद, त्यामुळे पेशंटची नावं तिथंच साठत गेली. लाईट आल्यावर ती डॉक्टरांच्या पडद्यावर गेली आणि पहिलं पुकारलं कोणाचं नाव? पाच मिनिटांपूर्वी आलेल्या एका बाईचं! वैजापूरचे आप्पासाहेब दहापासून बसलेले, ते काठी आपटत उठले. "ही काय पद्धत हाय व्हय? आम्ही काय गोट्या खेळायला आलो का इथं?"

लाईट गेल्यापासून मी मोनिकाच्या खुर्चीमागंच उभी होते, मुद्दाम. म्हटलं, हिच्यावर तरी काय भरवसा? पण पोरीनं नावं लिहिण्यापलीकडं कशालाच हात लावला नाय. ती बाई तिच्या ओळखीचीही नव्हती.

मग मी माझाच प्रोग्रॅम उघडला, आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यात नंबर लावायला मी लिहिलेला.

कॉम्प्युटरच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तू मला स्टॅक आणि क्यू शिकवलं होतंस, आठवतं? दुरडीतल्या भाकरी म्हणजे स्टॅक, शेवटी टाकलेली वर आणि तीच आधी ताटात. नळावरच्या घागरी म्हणजे क्यू, आधी लावली ती आधी भरणार. "भाकरीला दुरडी चालते, माणसांना नाय," असं तू म्हणालीस आणि मी लई हसले होते. तर लाईट नसताना साठलेल्या नावांची मी दुरडीच करून ठेवली होती. यादीतून नाव काढायची जी आज्ञा असते, पॉप, तिच्या कंसात एक शून्य लिहायचं असतं. लिहिलं तर पहिलं नाव आधी निघतं. माझा कंस रिकामा, म्हणून शेवटचं आधी. आठ महिने दर शुक्रवारी हेच चाललं होतं.

तुझी लीलाबाई मावशी दर शुक्रवारी मुकुंदवाडीहून घरचं आवरून अकराच्या तोंडावर पोचायची, सगळ्यात शेवटी. म्हणून सगळ्यात आधी आत. तू काहीच केलं नव्हतंस.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. चिठ्ठी मी टाकली. लोक प्रोग्रॅमला शिव्या घालत होते, डॉक्टर म्हणाले होते, हे थेर बंदच करू. मला दोष द्यायला कोणीतरी पाहिजे होतं. डाव्या हातानं लिहिली आणि खाली 'एक हितचिंतक'. डॉक्टरांनी तुला वाचून दाखवलं ते वाक्य माझं, 'काउंटरवरची बाई आपल्या लोकांना आधी घुसवते.' आपल्या लोकांना! लिहिताना हात जरासुद्धा अडला नाय, रूपा. औषधाच्या खिडकीतला सुदर्शन माझ्या भावकीतला. त्याची आजी नाव न लिहिताच सरळ आत जाते, सगळ्यांदेखत, आणि ते मला कधी खटकलं नाय. लीलाबाई त्याची मावशी असती, तर मी त्याच दिवशी प्रोग्रॅम तपासला असता. लाज वाटते गं स्वतःची.

शून्य कालच घातलं. आज सकाळी डॉक्टरांना सगळं लेखी दिलं, चिठ्ठीचंही. "प्रामाणिक आहेस," म्हणाले मला. माझं काम चालू ठेवलं. तुझ्या जागेचं विचारलं तर, "बघू, आता मोनिका बसलीय ना." मी बाहेर आले आणि त्या अर्जाची प्रत तक्रारपेटीवरच चिकटवली. भामाबाईनं ती मोनिकाकडून वाचून घेतली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाय.

एक प्रत सोबत जोडली आहे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, डॉक्टरांना फोन करून खरं-खोटं विचार. सोमवारी मी परत त्यांच्यासमोर तुझ्या जागेसाठी उभी राहणार आहे. तू येशील का, हे विचारायचं तोंड मला नाय. मावशीकडं जायचं तर त्याहून नाय.

त्या चिठ्ठीखाली नाव लिहिलं नव्हतं. आज उजव्या हातानं लिहिते.

एक हितचिंतक,
प्रेरणा अंबादास शेळके