उघाडीवरून उडी

आये, तुला लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझ्या शेजारी बसून मासळी विकणाऱ्या बायकांपैकीही आता कुणी उरलं नाही, आणि मी आज वही उघडून बसलोय. सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, पत्र म्हटलं की हात आखडतो. शिवाय माझा स्वभाव तुला माहीत आहे. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो. बंदच होता. तरी पुन्हा एकदा जावंसं वाटतंय.

निमित्त झालं ते तुझ्या पणतीचं. आम्ही आता बोरिवलीला राहतो, खाडीच्या या बाजूला. परवा इमारतीखाली ती तिची जाड टायरांची सायकल घेऊन गतिरोधकावरून उडी मारायला बघत होती. पुढचं चाक उचलायची, मागचं आदळायचं, पुन्हा मागे जायची. म्हटलं, पडशील. तर म्हणते, "आजोबा, याला बनी हॉप म्हणतात. तुम्हाला नाही कळणार." मी म्हटलं, "हातानं ओढतेस ना, म्हणून आपटतेस. आधी खाली बस. मग हलकी हो." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू वॉचमनच्या खुर्चीनं तोंड उघडलं. पण केलं तसं. तिसऱ्या खेपेला दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. मग सायकल टाकून धावत आली आणि विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?" मी जे उत्तर दिलं त्यामुळे दोन दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही. म्हणून हे पत्र.

ते पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी तिशीला टेकलेलो, लग्न नाही, कारण गोराईच्या कोळीवाड्यात अख्ख्या गावाला ठाऊक होतं की कोळ्याचा हा मुलगा होडीत पाय ठेवत नाही. समुद्राची भीती नव्हती मला, लोकांना ते कधी कळलं नाही. भीती होती त्या एका पावलाची. धक्का आणि होडी यांच्यामधली ती फट. सात वर्षांचा असताना मी त्या फटीतून खाली गेलो होतो आणि बाबांनी केसांना धरून वर काढलं होतं. बाबा गेले, फट तिथेच राहिली. खाडीपलीकडे बोरिवलीला जायचं तर सगळं गाव दहा मिनिटांत होडीनं जायचं. मी मात्र सायकल हाणत उत्तनवरून भाईंदरला आणि तिथून खाली, असा अर्धा दिवस घालवून पोचायचो. शेजारची मावशी म्हणायची, "याला मीठ आणायला पाठवलं तर कालवण दुसऱ्या दिवशी."

तू हसायची नाहीस. तूही कधी सायकलवर बसली नव्हतीस, म्हणायचीस, "ज्याला त्याला आपलं वाहन."

त्या वर्षी बोटीवर खलाशी असलेला आपला दादा, तुझ्या बहिणीचा मुलगा, कुठल्याशा बंदरातून एक जुनी सायकल घेऊन आला. आपल्याकडे तेव्हा काळ्या उंच सायकली. ही बुटकी, हँडल सरळ दांड्यासारखं, टायर घोरपडीच्या पाठीसारखे. बरोबर एका मासिकाचं फाटकं पान. त्यात एक माणूस सायकलसकट लाकडाच्या ओंडक्यावर हवेत होता. खाली काही नाही, वर काही नाही. दादा म्हणाला, "तिकडं याला सशाची उडी म्हणतात. तू एवढा रस्ता तुडवतोस, घे तुला." शिकवायला तो थांबला नाही, आठ दिवसांत बोटीवर परत गेला. पान मात्र मी भिंतीला चिकटवलं. आये, मला त्या चित्राचं वेड का लागलं ते आज सांगतो. त्या माणसाच्या खाली फट होती आणि तो तिच्यावर होता.

बर्फाच्या कारखान्यातून सुटलो की मी बोंबील वाळत घालायच्या खळ्यावर सराव करायचो. आधी जमिनीवर दोरी टाकली. मग वल्हं. वल्ह्यावर पुढचं चाक गेलं आणि मागच्यानं मला मावशीच्या वाळत टाकलेल्या जवळ्यात फेकलं. ती खराटा घेऊनच आली. "मेल्या, माझा जवळा काय तुझी गादी आहे? तिशीचा घोडा झाला आणि सायकलवर उड्या मारतो! अगं ए, बघ तुझा ससा!" तू ओट्यावर मासळीची पाटी धूत बसली होतीस. जवळ आलीस, माझ्या केसांतला जवळा काढलास आणि म्हणालीस, "दिवसाचं किती वेळा पडतोस?" मी म्हटलं, मोजत नाही. "बरं आहे मग." एवढंच.

मग तुझा गुडघा गेला. बायकांनी सांगितला तसा तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तू बोरिवलीच्या बाजूला उतरते आहेस, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि धक्क्यावर ठेवलेला पाय मुडपतो. पाटी चिखलात. पापलेटं बायकांनी धुऊन गोळा केली. तुला मात्र होडीत झोपवून आणलं. होडी चालवणारा तांडेल दारात उभा राहून म्हणाला, "घरात मुलगा आहे ना? उद्यापासून त्यानं पाटी पलीकडं पोचवायची. तू मोकळ्या हातानं ये, मी धरून उतरवतो." मावशी लगेच, "हा पोचवणार? भाईंदरवरून? मासळी चालत घरी येईल तोवर!" सगळे हसले. तू हसली नाहीस. तुम्हा बायकांनाच ठाऊक असलेली गोष्ट तू मला सांगितलीस: बाजारात तुझी जागा, तुझ्या आईपासूनची, तू बसलीस तरच ती तुझी. पंधरा दिवस रिकामी राहिली की तिथं दुसरी बसणार, आणि मग तिला ऊठ म्हणायचं नसतं. आपल्यात तशी रीत नाही. आधीच पुरुषानं डोक्यावर पाटी घेणं म्हणजे चेष्टा. ते मी सोसलं असतं. पण ते पाऊल?

मी तुला सांगितलं, जमणार नाही. तू म्हणालीस, "बरं." त्या 'बरं'नं मी दोन दिवस तुझ्याकडे बघू शकलो नाही.

तिसऱ्या दिवशी तू पाय शेकत ओट्यावर बसली होतीस आणि मी रागारागानं सायकल त्या वल्ह्यावर आपटत होतो. एकदम तू ओरडलीस, "बाला, पाटी हातानं कोण उचलतो रे?"

मी थांबलो.

"तू हातानं ओढतोस. हातात काय जोर असतो? पाटी डोक्यावर घ्यायची तर आधी खाली बसायचं, पार खाली. मग पायांनी वर यायचं. आणि खाली बघू नको. फटीत बघितलं की फट बोलावते."

"आये, ही सायकल आहे."

"असू दे. होडी काय वेगळं करते? लाट आली की होडी आधी खाली जाते. तिच्याबरोबर तूही जा, गुडघ्यात. मग ती वर येते. वर आली की क्षणभर तुला वजनच नसतं. त्या वेळी पाय उचलायचा. उडी नाय मारायची. हलकं व्हायचं."

मी पायडलवर उभा राहिलो, खाली बसलो, हँडल छातीशी येऊ दिलं आणि पाय मागे ओढून वर घेतले. वल्हं खालून गेलं. मागचं चाक लागलंच नाही. मी ओरडलो असेन, कारण मावशी बाहेर आली आणि म्हणाली, "आता काय सांडलं?"

मग मी शहाणपणा केला. तुला न सांगता उघाडीवर गेलो. गावाबाहेरच्या बांधात भरतीचं पाणी आत-बाहेर करायला सोडलेली ती दीड हाताची फट, वरची फळी कधीच मोडलेली. सगळे सायकल उचलून पलीकडे ठेवायचे, मीही. म्हटलं, आज उडून जाऊ. आणि ओहोटी बघून गेलो, की पडलो तरी पाणी नको. ऐन वेळी खाली बघितलं. सायकल पलीकडे, मी आत, कमरेपर्यंत रेंदाळात. कुणीतरी गावात कळवलं, तशी तू काठी टेकत आलीस, मावशी दोर घेऊन. ओढता ओढता तू मला घातलेल्या शिव्या इथे लिहीत नाही, वही नातीच्या हाती लागेल. पण शेवटचं लिहितो. "कोळ्याचा मुलगा आणि ओहोटीला पडायला जातो! पाणी वर फेकतं रे, चिखल धरून ठेवतो. भ्यायचं तर नीट भी. भरतीला ये."

दुसऱ्या दिवशी भरतीला तू बांधावर दगडावर बसलीस. उघाडी काठोकाठ भरलेली. मी लांबून येतोय. तू पाण्याकडे बघत नाहीस, माझ्या गुडघ्यांकडे बघतेस. मी खाली बसतो आणि तू ओरडतेस, "आता!"

आये, मी त्या फटीवर होतो. चित्रातल्या माणसासारखा. खाली पाणी, आणि माझं वजनच नाही. पलीकडे टायर टेकले तेव्हा सायकल तशीच पुढे गेली, मी ब्रेक दाबायला विसरलो. मागे वळून बघितलं तर तू उठून उभी होतीस, काठीशिवाय.

पुढच्या सकाळी मी तुझी चुंबळ डोक्यावर ठेवली. धक्क्यावर पंचवीसेक माणसं, त्यातली निम्मी माझी गंमत बघायला आलेली. मावशी म्हणाली, "लुगडंही नेसव त्याला." तू आधी होडीत उतरलीस, तांडेलाच्या हाताला धरून. मी फटीकडे बघितलं नाही. तुझ्याकडे बघितलं. होडी खाली गेली, मी गुडघ्यात गेलो, होडी वर आली, आणि तू हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणालीस, "आता." मी होडीत होतो. पाटीतला बर्फसुद्धा हलला नाही. कुणी हसलं नाही. मावशीनं सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, "बस रे सशा." नऊ वर्षं मी तुझी पाटी वाहिली. तुझी जागा तू हयात असेपर्यंत तुझीच राहिली. आयुष्यात मी मिरवावं असं फार काही केलेलं नाही, पण हे केलं. आजही आठवलं की पाठ ताठ होते.

आता ते उत्तर सांगतो. त्याच सकाळी अर्ध्या खाडीत तांडेलानं विचारलं होतं, "सायकलवरून उघाडी ओलांडलीस म्हणे, कुणी शिकवलं?" आणि मी म्हणालो, "दादानं." तू समोर बसली होतीस. जिनं सायकलला हात लावला नाही अशा आईनं शिकवलं, हे म्हणायची मला लाज वाटली. तू चुंबळ हातात फिरवत म्हणालीस, "होय, दादानंच दाखवलं." पुढेही जिथे जिथे विचारलं तिथे दादाच. परवा नातीलाही तेच सांगितलं, चाळीस वर्षांच्या सवयीनं. उद्या तिला खरं सांगेन. सांगेन ना मी? आधी तुला सांगून टाकतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

हे पान पोस्टात टाकण्यासारखं नाही. चुंबळ अजून माझ्याकडे डब्यात आहे, तिच्यात घडी करून ठेवतो. पण आये, माझंही वय झालं, आणि तुझा मुलगा अजून तसाच आहे. तू पलीकडे गेलीस तेव्हा कशी गेलीस, मधे फट होती का, खाली बघितलंस का, काहीच बोलली नाहीस. मला आधी ठाऊक असलेलं बरं. कसंही कर, पण कळव. आणि माझी वेळ झाली की हाक मार, हळू मारलीस तरी चालेल, मला ऐकू येईल. लवकर कळव.